पाणी वरून येतं

सायखेड्यातल्या आमच्या घरी एका शनिवारी सकाळी वायफायचं नाव बदललेलं होतं. रात्रीपर्यंत आईच्या मोबाइलमध्ये तिच्याच नावाचं नेटवर्क दिसत होतं. सकाळी तिथे एका क्रिकेटपटूचं नाव आलं आणि आईचं नेट बंद पडलं. हे काम गल्लीतल्या आठवीतल्या मुलाचं होतं. अभ्यासाचे व्हिडिओ बघता यावेत म्हणून आईनेच त्याला वायफाय वापरायला दिलं होतं. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा टाकला. समोर दोन चौकटी आल्या, दोन्हींत त्याने ‘ॲडमिन’ लिहिलं आणि आमच्या घरचा वायफायचा डबा, म्हणजे राउटर, त्याच्या ताब्यात गेला. मग घाबरून तो स्वतःच सांगायला आला.

आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलंय. ती त्याला रागावली नाही. मला म्हणाली, “ज्याने हा डबा बसवला, त्याला बोलाव.”

तोही तिचाच विद्यार्थी. गावातल्या आणि पलीकडच्या चांदोरीतल्या दोन-अडीचशे घरांचं नेट तो सांभाळतो. कुठे लाल दिवा लागला की याला फोन. दुपारी आला तेव्हा खांद्यावर पिवळ्या पॅच कॉर्डचं वेटोळं होतं आणि बोटांना फायबरचे बारीक काटे टोचलेले होते. चहा झाला, आणि मग जे बोलणं सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मी मध्ये मध्ये बोलले, पण खरा वाद त्या दोघांचा होता. मला तो महत्त्वाचा वाटला, म्हणून लिहून काढते आहे.

“बाई, पोरगं वायफायमध्ये आलं कारण तुम्ही त्याला पासवर्ड दिला,” तो म्हणाला. “तुम्हीच दार उघडलं.”

“दार उघडलं, हे खरं. पण मी त्याला ओसरीवर बसायला बोलावलं होतं. तो आत जाऊन कपाट उघडू शकला, ते कसं?”

तेव्हा त्याने समजावून सांगितलं की डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, म्हणजे नेट वापरण्याचा. दुसरा डब्याच्या कारभाराचा: नाव बदलायचं, वायफायचा पासवर्ड बदलायचा, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, सगळं त्या दुसऱ्यावर चालतं. पहिला लोकांना माहीत असतो. दुसरा आहे, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

“आणि तो दुसरा सगळ्यांचा ‘ॲडमिन’च?”

“या कंपनीच्या डब्यांचा, हो. कारखान्यातूनच तसा येतो.”

“तू बसवलेल्या सगळ्या घरांचा?”

तो जरा थांबला. “हो बाई. पण माझी अडचण ऐका. मी घराघरात वेगळा पासवर्ड ठेवला, तर लोक तो विसरणार. विसरले की फोन मला, तोही रात्री अकरा वाजता. मग मी जायचं, सुई टोचून डबा रीसेट करायचा, सगळी सेटिंगं पुन्हा भरायची. महिन्याला चारशे-पाचशेचा प्लॅन, त्यात माझ्या हाताला किती येतं? बसवण्याचे पैसे एकदाच मिळतात, विसरल्याचे कोणी देत नाही. वायफायचा पासवर्ड मी घरमालकाचा मोबाइल नंबर ठेवतो, तेही याचसाठी. आपला नंबर कोणी विसरत नाही.”

“कोणीच विसरत नाही, हीच तर पंचाईत आहे,” आई म्हणाली. “आपल्या गावात नंबर कुठे कुठे लिहिलेला असतो ते बघ. ट्रॉलीच्या फळीवर, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर. कांद्याच्या व्यापाऱ्याकडे अख्ख्या गावाचे नंबर असतात.”

मी डबा उचलून उलटा केला. मागे एक चिकटपट्टी होती. त्यावर वायफायचा मूळ पासवर्ड छापलेला: बारा अक्षरं, लहान-मोठी मिसळलेली, मध्ये आकडे. दुसऱ्या कुठल्याही डब्यावर नसेल असा. म्हणजे ही एक किल्ली कारखान्याने चांगली दिली होती. ती काढून आमच्या फायबरवाल्याने तिथे मोबाइल नंबर बसवला होता, आणि जी खरोखर बदलायला हवी होती ती कारभाराची किल्ली तशीच ठेवली होती. ‘मूळ सेटिंग बदला’ असा सल्ला आपण सगळीकडे वाचतो. पण गावातलं खरं मूळ सेटिंग कारखान्यात ठरत नाही. ते डबा बसवणाऱ्याच्या सवयीत ठरतं, आणि ती सवय त्याच्या अडचणीतून येते. हे मला त्या पट्टीकडे बघताना कळलं.

“ताई, पण आपल्याकडे चोरायला आहे काय?” त्याने मला विचारलं. “बाईंची पेन्शन बँकेत. फोनला वेगळं लॉक. सायखेड्यात कोण हॅकर येणार आहे?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण २००८ साली मी वाशीत नोकरी करत होते. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो आमच्या पुढच्याच स्टेशनाला, सानपाड्याला, एका परदेशी नोकरदाराच्या फ्लॅटपर्यंत पोचला. त्याचं वायफाय उघडं होतं, कोणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. स्फोटांशी त्याचा संबंध नव्हता, तरी चौकशी त्याच्या वाट्याला आली. पुढे २३ ऑगस्टला असाच आणखी एक मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. त्याच साली या मेलच्या प्रकरणात पुण्यातल्या संगणक अभियंत्यांना अटक झाली. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायला माणसं रस्त्यावर उतरवली, आणि पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या.

“म्हणजे चोर घरातलं काही नेत नाही,” आई म्हणाली. “घराचा पत्ता वापरतो.”

“ते मुंबईत, बाई. तेव्हा वायफायला पासवर्डच नसायचे, किंवा जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीचे असायचे, ते काही मिनिटांत फुटायचे. आता डब्ल्यूपीए-२ असतं, ते एवढं कच्चं नाही.” हे तो बरोबर बोलला. पण मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि पहिला आकडा सहा ते नऊमधलाच. फोन आणि डबा एकमेकांना ओळखतात तेव्हाची देवाणघेवाण कोणी टिपून ठेवली, तर असे सगळे नंबर चालवून बघायला एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तास पुरतात. आणि शेजाऱ्याला तर तेवढंही लागत नाही.

त्याच्याकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो वजनदार होता. “बाहेरचा माणूस या डब्यापर्यंत पोचतच नाही. कंपनी शेकडो घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवते. जगातून कोणी ठोठावलं तरी आपलं दार त्याला सापडत नाही.”

बऱ्याच फायबर कंपन्या असंच करतात आणि त्याने थोडं संरक्षण मिळतं, हे खरंच. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने अशी दारं मोकळी असलेलीच घरं गाठली. तो प्रोग्राम इंटरनेटभर फिरून कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर शोधायचा आणि कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा. कुलूप फोडायची गरज त्याला पडतच नव्हती, कारण किल्ल्या सगळ्यांना माहीत होत्या. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशी लाखभर यंत्रं एका कंपनीवर सोडली गेली आणि अमेरिकेत तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडखळल्या. मिराई लिहिणारे तिघे जण विशीतले होते.

पण बाहेरचं दार बंद असलं म्हणून आतलं सुरक्षित होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅस्परस्की कंपनीने ‘स्विचर’ नावाच्या एका अँड्रॉइड ॲपची माहिती जाहीर केली. ते ॲप फोनमध्ये शिरायचं, फोन ज्या वायफायला जोडलेला असेल त्या राउटरच्या कारभाराच्या पानावर जायचं आणि नेहमीचे पासवर्ड लावून बघायचं. लागला की डीएनएस बदलायचं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. ती चोराची झाली की घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक टीव्ही पत्ता त्या चोराला विचारणार. बँकेच्या खऱ्या पानाऐवजी नकली पान आलं तर ब्राउझर सहसा इशारा देतो, पण तो कळेल अशा भाषेत नसतो, आणि घाईतला माणूस ‘पुढे जा’ दाबतो.

“ॲप शिरेल कसं?” आईने विचारलं.

या वेळी उत्तर त्याने दिलं. “बाई, आपल्या ग्रुपवर आलं नव्हतं का, ‘पीएम किसान’ची एपीके फाइल? किती जणांनी दाबली ती. त्यातल्या दोघांचे फोन मीच साफ करून दिले.” बोलता बोलता तो गप्प झाला. काय बोलून गेलो, ते त्याचं त्यालाच उमगलं. गावात त्या फायली रोज फिरतात. ज्याच्या फोनमध्ये तसली फाइल शिरली त्याच्या घरी डबा यानेच बसवलेला, आणि त्या डब्याची किल्ली ‘ॲडमिन’.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “२०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर असाच हल्ला झाला होता. तेव्हा मी या कामात नवीन होतो. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम सापडत होते. कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदला असं सांगितलं होतं. मग बघा, कंपनी सांगते. ऐकत कोण नाही? ग्राहक. घर ज्याचं, कुलूप त्याने बघायचं. दुचाकीची किल्ली गाडीलाच ठेवून माणूस बाजारात गेला, तर गाडी बनवणाऱ्याला दोष देऊन कसं चालेल?”

“सगळ्या गाड्यांना एकच किल्ली लागत असेल तर?” आई म्हणाली.

इथून बोलणं त्या डब्यापुरतं राहिलं नाही. आई म्हणाली, “आपण नदीकाठची माणसं. २०१९ च्या चार ऑगस्टला गोदावरी गावात शिरली तेव्हा तू होतास. २०१६ लाही आली होती. तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना कोणी म्हणालं का, की तुम्हीच उंबरा उंच बांधायला हवा होता? आपण काय विचारलं? गंगापूर धरणातून किती सोडलं, कधी सोडलं, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याने किती अडवून धरलं. पाणी वरून येतं. मग जाब वर विचारायचा. तुमचा पासवर्डही वरूनच येतो. कारखान्यात एक माणूस लाखो डब्यांवर ‘ॲडमिन’ लिहितो आणि पन्नास घरांच्या गल्लीतल्या म्हातारीला सांगता, बाई, तुम्ही बदलायला हवा होता.”

“बाई, पाणी वरून येतं, कबूल. पण पाणी येणार म्हटल्यावर सामान माळ्यावर आपणच टाकतो ना? गंगापूरवाले येऊन टाकतात का? तुम्ही स्वतः त्या दिवशी वह्या-पुस्तकं वर टाकत होतात, मी शिडी धरली होती. धरणावर रागावून ती वाचली नसती.”

मला त्याचं हे उत्तर पटलं. आईलाही पटलेलं दिसलं, कारण ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, “टाकलं, कारण इशारा आला होता. पाणी सोडणार म्हणून आधी सांगितलं होतं, भोंगा फिरला होता, पोलीसपाटील घरोघर जाऊन आले होते. तू डबा बसवलास तेव्हा मला इशारा दिलास का?”

त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं. “नाही दिला,” एवढंच म्हणाला. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचा आदर वाटला.

माझं मत इथे सांगते. मला आईचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. जी गोष्ट आहे हेच माणसाला माहीत नाही, ती न बदलल्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. ग्राहकाला शिकवा, जागरूक करा, हे सगळं ठीक. पण वर्षानुवर्षं शिकवूनही लाखो डबे ‘ॲडमिन’वरच असतील, तर चूक शिकणाऱ्यांची राहत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेला कायदा सांगतो की प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा हवा, नाहीतर पहिल्याच वापरात ग्राहकाकडून तो बदलून घेतला पाहिजे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणाऱ्या सरसकट पासवर्डांवर बंदी आणली. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने घरगुती वायफाय यंत्रांसाठी सुरक्षेचे निकष तयार केलेले आहेत. पण जुने डबे भिंतींवर तसेच आहेत, आणि ते आपोआप बदलणार नाहीत.

कारखान्याची जबाबदारी सांगणारं आणखी एक उदाहरण ब्राझीलचं. तिथे २०११ च्या सुमारास जवळपास ४५ लाख मोडेममधलं डीएनएस चोरांनी बदललं. त्यात मोडेमच्या आतल्याच एका दोषाचा वापर झाला होता. ग्राहकाने पासवर्ड बदलूनही तो सुरक्षित राहिला असता, असं नव्हतं. आत दोष असेल तर नवं सॉफ्टवेअर कारखान्याने द्यायचं आणि इंटरनेट कंपनीने पोचवायचं. ते घरी बसून कोणाला जमणार नाही.

मी हे सांगितल्यावर त्याने स्वतःहून आणखी एक गोष्ट कबूल केली, जी मला ठाऊक नव्हती. काही डब्यांमध्ये तिसरंही एक खातं असतं, कंपनीचं. दुरून बिघाड काढायला ते लागतं. ग्राहकाला ते दाखवत नाहीत.

“माझ्या घराला असं दार आहे, ज्याची किल्ली मला कोणी दाखवलीही नाही?” आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“बाई, त्याशिवाय सेवा देता येणार नाही. रोज प्रत्येक घरी कोण जाईल?”

“दार असू दे. मला सांगा तरी, की आहे. आणि त्याची किल्ली गावभर एकच नको.”

यावर दोघांचं एकमत झालं नाही. मला वाटतं, व्हायलाही नको होतं. त्याची अडचण खरी आहे. दोन-अडीचशे घरं, एक मोटरसायकल, एक माणूस. पासवर्ड बदलण्याची पाच मिनिटं त्याच्या कामात कोणी धरत नाही. कंपनी जोडणीचे पैसे देते, ही पाच मिनिटं फुकट मागते, म्हणून ती होत नाहीत. राउटरची सुरक्षा सुधारायची असेल तर कंपन्यांनी ती पाच मिनिटं कामाच्या यादीत घालावीत आणि त्यांचे पैसे द्यावेत. जाहिरातीतल्या इशाऱ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल, अशी माझी खात्री आहे.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला. आईला शेजारी बसवून प्रत्येक पायरी दाखवली, शाळेत ती त्याला दाखवायची तशी. कारभाराचा पासवर्ड बदलला. आईने चार मराठी शब्द एकापुढे एक जोडले, इंग्रजी अक्षरांत: तिच्या आजोळच्या विहिरीचं नाव, एक पक्षी, एक भाजी आणि एक आकडा. चोवीस अक्षरं झाली आणि ती तिने लगेच पाठ म्हणून दाखवली. वायफायचा पासवर्डही तसाच केला. मग डब्ल्यूपीएस बंद केलं, म्हणजे ते बटण दाबून जोडायचं. त्याचा पिन आठ आकडी असला तरी डबा तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा असतो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच दाखवून दिलेलं आहे. बाहेरून कारभार करायची सोय उघडी नाही ना, ते पाहिलं. नवं सॉफ्टवेअर आलं होतं, ते घातलं. आणि आईच्या आग्रहावरून पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं, साधा पासवर्ड ठेवून. त्यावरून नेट मिळतं, पण डब्याचं पान उघडत नाही.

“त्या पोराला हे दे,” आई म्हणाली. “अभ्यास बंद पडायला नको. आणि उद्या त्यालाही बोलाव. ज्याला पान उघडता आलं, त्याला बंद करायलाही शिकव.”

पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवली. लिहू नये असं सांगतात ते कचेरीतल्या टेबलासाठी बरोबर आहे. घरात मात्र कपाटातली वही मोबाइल नंबरापेक्षा पुष्कळ बरी. पासवर्ड विसरला तर याला रात्री अकराला यायला नको, हेही त्यात आलं.

सगळं मिळून बावीस मिनिटं लागली. त्यातली निम्मी आईच्या प्रश्नांना गेली. रविवारी आठवीतला तो मुलगा आणि फायबरवाला मिळून आमच्या गल्लीत फिरले आणि अकरा घरांचे डबे बदलून आले. बाकीची घरं राहिली आहेत.

तुमच्याही घरी कोणीतरी डबा बसवून गेलं असेल. त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. आज त्याला फोन करा आणि वायफायचा नव्हे, कारभाराचा पासवर्ड काय ठेवलाय, एवढं विचारा.